भिंतीपलीकडून येणारा वायू

बडोद्यात फर्टिलायझरनगरच्या बाजूला खताचा कारखाना आणि जड पाण्याचे, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेल्या आणि अणुभट्टीत लागणाऱ्या पाण्याचे, संयंत्र एकमेकांना खेटून आहेत. गुजरात स्टेट फर्टिलायझर्सची स्थापना १९६२ सालची. फ्रेंच तंत्रज्ञानावर उभारलेले जड पाण्याचे संयंत्र सुरू झाले १९७७ साली. दोघांतला व्यवहार सांगायला सोपा होता. अमोनिया करण्यासाठी खत कारखान्यात जो सिंथेसिस गॅस तयार होतो, त्यात एक भाग नायट्रोजन आणि तीन भाग हायड्रोजन असतो. हा वायू आधी भिंतीपलीकडे जायचा. तिथे त्यातला ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचा जड समस्थानिक, काढून घ्यायचा आणि उरलेला वायू परत करायचा. शेजाऱ्याकडून दूध उसने आणावे, साय काढून घ्यावी आणि दूध परत द्यावे, तसा हा प्रकार. त्यातही या शेजाऱ्याला सायीची गरजच नव्हती. हायड्रोजनच्या दहा लाख अणूंत ड्युटेरियमचे शे-दीडशे. ते राहिले काय नि गेले काय, युरियाच्या पोत्याला पत्ताही लागत नाही.

तरी हा व्यवहार टिकला नाही. संयंत्र सुरू झाल्यावर काही महिन्यांतच तिथे स्फोट झाला आणि काम बराच काळ थांबले. पुढे सगळे सुरळीत झाल्यावर खत कारखान्याने आपला जुना, जास्त दाबाचा अमोनिया प्लांट बंद केला. खतवाल्यांच्या दृष्टीने तो निर्णय बरोबरच होता, कारण नव्या कमी दाबाच्या पद्धतीत ऊर्जा कमी लागते. पण भिंतीपलीकडे येणारा वायू त्या निर्णयाबरोबर आटला. ओडिशात तालचेरला खत कारखान्याचा पुरवठाच बेभरवशाचा निघाला आणि तिथलेही जड पाण्याचे उत्पादन थांबवावे लागले. आज ही दोन्ही संयंत्रे सॉल्व्हंटसारखी वेगळी उत्पादने करतात. ती वाया गेलेली नाहीत, पण ज्या कामासाठी ती उभी राहिली ते काम शेजाऱ्याच्या हिशेबात बसेनासे झाले.

हा इतिहास आज पुन्हा वाचायला हवा. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटींची घोषणा झाली. समस्थानिकांची गरज रुग्णालयांपासून औषध कंपन्यांपर्यंत वाढते आहे. या तिन्ही क्षेत्रांत सामंजस्य करारांना तोटा नाही. विद्यापीठ आणि कंपनी, कंपनी आणि सरकारी संस्था, सरकारी संस्था आणि परदेशी प्रयोगशाळा, सगळीकडे सह्या होत आहेत. आमचे म्हणणे असे की या करारांत जे लिहिले जाते त्याने काम पुढे सरकत नाही आणि ज्याने सरकते ते बहुधा लिहिलेलेच नसते. वायू कुठल्या फ्लँजवर, म्हणजे नळीच्या कुठल्या सांध्यावर, हातात द्यायचा, किती दाबाने, त्यात काय किती असले तर चालेल, एका बाजूचा प्लांट बंद पडला तर दुसरीने काय करायचे आणि बिघाड झाला तर त्याची नोंद कोणाच्या कपाटात राहणार, हे पहिल्या पानावर असले पाहिजे. तिन्ही विषयांचे कारखाने आणि माणसे वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असलेले बडोद्यासारखे शहर देशात क्वचितच असेल. असा करार कसा लिहावा हे बडोद्यानेच दाखवून द्यावे.

आधी वायूच्या प्रतीचे पाहू, कारण बहुतेक भागीदाऱ्या तिथेच अडतात. जड पाण्याच्या या पद्धतीत वायू आणि द्रव अमोनिया उंच टॉवरमध्ये एकमेकांना भेटतात. तापमान उणे २५ अंशांच्या आसपास, दाब प्रचंड. ड्युटेरियम वायूतून द्रवात उतरतो, पण आपणहून नाही. त्यासाठी द्रव अमोनियात पोटॅशियम अमाइड हा उत्प्रेरक विरघळवलेला असतो. हा उत्प्रेरक अतिशय नाजूक. वायूत पाण्याचा अंश आला की त्याचे पोटॅशियम हायड्रॉक्साइड होते. कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, यांतले काहीही आले की तो त्याच्याशी संयोग पावून वाया जातो. नुसता वाया गेला असता तर नवीन घालता आला असता. पण जे तयार होते ते द्रव अमोनियात नीट विरघळत नाही. घट्ट कण टॉवरमधल्या ट्रेच्या, म्हणजे सच्छिद्र थाळ्यांच्या, भोकांत बसतात, फेस वाढतो, द्रव खाली उतरायच्या ऐवजी वायूबरोबर वर जाऊ लागतो आणि टॉवर धुण्यासाठी शटडाउन घ्यावा लागतो. अमोनिया बनवणाऱ्याच्या लेखी मात्र वायूतला ऑक्सिजनयुक्त अशुद्धीचा तेवढा अंश चालून जाण्यासारखा असतो. त्याचा लोखंडी उत्प्रेरक थोडा मंदावतो आणि पुन्हा सावरतो. एकच वायू, एकाला ठीक आणि दुसऱ्याला घातक.

आता हीच गोष्ट इंधन-सेलच्या, म्हणजे हायड्रोजनपासून थेट वीज करणाऱ्या यंत्राच्या, हायड्रोजनला लावून पाहा. बडोद्याजवळच्या कोयालीच्या रिफायनरीत हायड्रोजन रोजच्या वापरातला आहे. नैसर्गिक वायूचे किंवा नाफ्थाचे वाफेबरोबर रिफॉर्मिंग करायचे आणि मग शोषक पदार्थांच्या टाक्यांतून, म्हणजे पीएसएमधून, तो स्वच्छ करून डिझेलमधले गंधक काढायला वापरायचा. ९९.९ टक्के शुद्ध हायड्रोजन म्हटले की कानाला बरे वाटते. पण उरलेला ०.१ टक्का म्हणजे दहा लाखांत एक हजार भाग. इंधन-सेलसाठीच्या आयएसओ १४६८७ या मानकात कार्बन मोनॉक्साइडला दहा लाखांत ०.२ भागाची, अमोनियाला ०.१ची आणि एकूण गंधकाला ०.००४ची मर्यादा आहे. पीएसएची टाकी भरत आली की नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड आधी निसटू लागतात, त्यामुळे चक्राची वेळ काही सेकंदांनी लांबवली तरी प्रत बदलते. रिफायनरीच्या ऑपरेटरला ते मीटरवर दिसतही नाही आणि दिसायचे कारणही नाही. तिकडे सेलच्या प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड चिकटून बसतो आणि व्होल्टेज घसरते. मग संशोधक म्हणतो, हायड्रोजन खराब आहे. रिफायनरी म्हणते, आमचा रिपोर्ट ९९.९चा आहे. दोघेही खरे बोलत असतात. करारात 'उच्च शुद्धतेचा हायड्रोजन' असे तीन शब्द असतात, म्हणून वाद मिटत नाही.

नमुना घेण्यातही गोम आहे. साध्या स्टीलच्या सिलिंडरमध्ये वायू भरला तर गंधकाची संयुगे आणि अमोनिया भिंतींना चिकटून राहतात. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि सगळे खूश होतात. आतून निष्क्रिय लेप दिलेला सिलिंडर हवा आणि भरण्याआधी तो त्याच वायूने अनेकदा भरून रिकामा केलेला हवा. ही कामे कोणत्या माणसाने, कोणत्या व्हॉल्व्हवर, किती वेळा करायची हे लिहिलेले नसेल, तर त्या अहवालाच्या आधारे पुढचे वर्षभर काढणे हा पैशाचा आणि उमेदीचा अपव्यय आहे.

अमोनिया फोडून हायड्रोजन काढणे हा विषय सध्या जगभर चर्चेत आहे. हायड्रोजन जहाजातून नेणे अवघड, अमोनिया नेणे सोपे, म्हणून अमोनिया न्यायचा आणि मुक्कामी पोहोचल्यावर तो फोडायचा. याला लागणारी भट्टी, निकेलचा उत्प्रेरक, सातशे-आठशे अंशांचे तापमान, नायट्रोजन शिरून ठिसूळ होत जाणाऱ्या नळ्या, हे सगळे नवे म्हणून मांडले जाते. जड पाण्याच्या अमोनिया-हायड्रोजन पद्धतीत क्रॅकर हा रोजचा भाग आहे. ड्युटेरियमने समृद्ध झालेला अमोनिया फोडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. थळचे संयंत्र १९८७ पासून आणि हजिऱ्याचे १९९१ पासून अशी यंत्रे चालवत आले आहे. कोणत्या मिश्रधातूची नळी किती तास टिकते, वारंवार थांबवणे-सुरू करणे तिला कसे सोसत नाही, फोडल्यानंतर किती अमोनिया न फुटता शिल्लक राहतो, याची उत्तरे लॉगबुकांत आहेत. इंधन-सेलला ०.१ची मर्यादा गाठायची असेल तर हा शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. ते लॉगबुक आणि हायड्रोजनवर पीएच.डी. करणारा विद्यार्थी यांची गाठ पडायला आज कुठलाही रस्ता नाही, याची आम्हाला खंत वाटते.

समस्थानिक आणि हायड्रोजन यांची सांगड नवीन नाही. १९६२ साली नांगलला देशातले पहिले जड पाण्याचे संयंत्र सुरू झाले, ते भाक्राच्या विजेवर पाण्याचे विद्युत-अपघटन करून मिळवलेल्या हायड्रोजनवर. तो हायड्रोजन द्रवरूप करून त्याचे ऊर्ध्वपातन केले जाई. साधा हायड्रोजन उणे २५३ अंशांना उकळतो, ड्युटेरियम त्याच्याहून जेमतेम तीन-साडेतीन अंश वर. तेवढ्या फटीतून जड पाणी काढले. आजच्या भाषेत तो जलविद्युतीचा हरित हायड्रोजनच होता.

मग आजच्या इलेक्ट्रोलायझरमधून, म्हणजे विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्रातून, ड्युटेरियम मिळेल का? हिशेब करून पाहावा. एक टन साध्या पाण्यात सुमारे १६७ ग्रॅम जड पाण्याइतका ड्युटेरियम असतो. एक मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर दिवसभर पूर्ण भाराने चालला तर साधारण ४५० किलो हायड्रोजन देईल आणि चार टन पाणी फोडेल. म्हणजे दिवसाला साडेसहाशे-सातशे ग्रॅम, वर्षाला अडीचशे किलोच्या आसपास, आणि तेही सगळेच्या सगळे पकडता आले तर. सौर विजेवर चालवला तर याच्या चौथाई. २२० मेगावॉटच्या अणुभट्टीला जड पाणी दोनशे टनांच्या घरात लागते. तेव्हा या वाटेने गुजरातमधल्या काक्रापार अणुवीज केंद्राची गरज भागेल असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

पण किलोच्या हिशेबात लागणाऱ्या ड्युटेरियमची बाजारपेठ वेगळी आहे. रेणूंची रचना ओळखणाऱ्या एनएमआर तपासणीची द्रावके आहेत, प्रकाशतंतू आहेत, प्रदर्शक पडद्यांतले पदार्थ आहेत. औषधांत कार्बन-हायड्रोजन बंधाच्या जागी कार्बन-ड्युटेरियम बंध घातला की यकृतातली विकरे तो सावकाश तोडतात आणि औषध शरीरात जास्त वेळ टिकते. अशा पहिल्या औषधाला, ड्युटेट्राबेनाझिनला, अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. औषधनिर्मितीची परंपरा असलेल्या बडोद्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९०७ साली अलेम्बिक उभी राहिली ती कलाभवनचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या हातून. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनातून रसायनशास्त्र वर्गातून कारखान्यात गेले. संशोधन-भागीदारी हा शब्द तेव्हा नव्हता, काम मात्र झाले.

इलेक्ट्रोलायझरच्या बाबतीत तांत्रिक अडचण कुठे आहे ते सांगतो. विद्युत-अपघटनात हलका हायड्रोजन आधी सुटतो आणि ड्युटेरियम मागे राहतो, त्यामुळे आतले कॉस्टिक पोटॅशचे द्रावण काही पटींनी समृद्ध होते. पण एकदा स्थिरावले की जेवढा ड्युटेरियम पाण्यातून आत येतो तेवढाच हायड्रोजनबरोबर बाहेर पडू लागतो. मधूनच द्रावण काढून घेतले नाही आणि बाहेर पडणाऱ्या हायड्रोजनमधला ड्युटेरियम पाण्यात परत ढकलला नाही, तर हाती काहीच उरत नाही. हे ढकलण्याचे काम प्लॅटिनमचा उत्प्रेरक करतो आणि तो पाणी झटकणारा असावा लागतो, कारण पाण्याचा थर चढला की वायू प्लॅटिनमपर्यंत पोहोचतच नाही. द्रावणाचे सूक्ष्म तुषार वायूबरोबर आले तर पोटॅश उत्प्रेरकाच्या थरावर साचते आणि उत्प्रेरकाचा हा गुण जातो. वर सूर्याच्या लहरीप्रमाणे भार खालीवर होतो. भार खूप कमी झाला की पडद्यातून हायड्रोजन ऑक्सिजनच्या बाजूला झिरपतो, त्याचे प्रमाण दोन टक्क्यांजवळ गेले की यंत्र आपणहून बंद होते आणि समृद्धीची सगळी घडी विस्कटते. इथे इलेक्ट्रोलायझर बनवणारा, उत्प्रेरक बनवणारा आणि ड्युटेरियम अचूक मोजणारा, असे तिघे एका टेबलाशी हवेत. एकट्यादुकट्याने हा प्रयोग होणार नाही.

द्रव हायड्रोजनचेही तसेच. इथल्या क्रायोजेनिक कारखान्यांनी फ्रान्समधल्या आयटर संलयन प्रकल्पासाठी अतिशीत नळवाहिन्या पुरवल्या आहेत. हे हात आपल्याकडे आहेत. पण टाकी उत्तम असली तरी द्रव हायड्रोजन एका वेगळ्याच कारणाने उडून जातो. हायड्रोजनच्या रेणूचे ऑर्थो आणि पॅरा असे दोन प्रकार आहेत; साध्या तापमानाच्या हायड्रोजनमध्ये तीन-चतुर्थांश रेणू ऑर्थो प्रकारचे असतात. थंड झाल्यावर ते सावकाश पॅरा होतात आणि उष्णता सोडतात. ही उष्णता किलोमागे सुमारे ५२७ किलोज्यूल, तर द्रवाची बाष्पीभवनाची उष्णता सुमारे ४४६. म्हणजे द्रवीकरण करतानाच लोह-ऑक्साइडच्या उत्प्रेरकावरून नेऊन रूपांतर पुरे केले नाही, तर बाहेरून उष्णता न शिरताही टाकी उकळत राहते. टाकीवाल्याने टाकीची तपासणी केली, द्रवीकरण करणाऱ्याने द्रव दिला, दोघांचे कागद बरोबर. पॅरा किती टक्के होता हे कोणी विचारलेच नाही. सांध्यावरची जबाबदारी लिहिलेली नसली की असे होते.

गोपनीयतेचा मुद्दा आम्ही हलका मानत नाही. जड पाणी हे कायद्याने नियंत्रित द्रव्य आहे आणि तसेच असले पाहिजे. १९७४ च्या अणुचाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला तेव्हा राजस्थानातल्या कोट्याचे जड पाण्याचे संयंत्र आपल्या बळावर पुरे करायला कितीतरी वर्षे गेली. असे पोळलेले लोक कागद सहज हातात देणार नाहीत. पण भट्टीच्या नळीला तडा का गेला, गॅस्केट कुठल्या दाबाला सुटले, पीएसएच्या मागे कार्बन मोनॉक्साइड किती निघाला, यात देशाचे गुपित काही नाही. उलट आयटरमध्ये बांधकामाच्या खर्चाचा अकरावा हिस्सा उचलून भारताला तिथे तयार होणाऱ्या ज्ञानात वाटा मिळतो, हे आपण मान्य केलेच आहे. परदेशाशी जे जमते ते फर्टिलायझरनगर ते कलाभवन या अंतरात का जमू नये, हे आम्हाला समजत नाही. गुपित आणि लाज या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. बिघाडाचे कागद पुष्कळदा लाजेपोटी दडवले जातात.

दुसरी भीती लोकवस्तीची. ड्युटेरियम किरणोत्सारी नाही, हे शहरात पुन्हा पुन्हा सांगायला हवे. खरा धोका अमोनियाचा आणि हायड्रोजनचा. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेटतो, त्याला लागणारी ठिणगी डोळ्याला दिसणार नाही इतकी लहान आणि ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ अदृश्य. म्हणून संशोधनाचे सामाईक बेंच शहरातल्या प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर नको. ते कारखान्याच्या कुंपणाआत, वरून उघड्या शेडखाली हवे, जिथे वायू आणि तो हाताळणारी माणसे आधीच आहेत. विद्यार्थी तिथे जातील आणि पाळीत काम करतील.

कराराचा मसुदा करणाऱ्यांनी निदान एवढे लिहावे. पुरवठ्याचा बिंदू नकाशावर दाखवावा. प्रत्येक अशुद्धीची मर्यादा, ती मोजायची पद्धत आणि मोजायची वेळ द्यावी. पुरवठादाराने आपली प्रक्रिया बदलायची ठरवली तर किती महिने आधी कळवायचे आणि तेवढ्या काळात दुसऱ्या बाजूने पर्यायी वायू कुठून आणायचा, हे ठरवावे. ही एक ओळ १९७० च्या दशकात नीट लिहिली असती तरी जुना अमोनिया प्लांट कायमचा चालू राहिला नसता, पण पुढची तयारी वेळेत झाली असती. नंतर बडोद्यातच अमोनिया आणि पाणी यांच्या देवाणघेवाणीवर आधारलेली, खत कारखान्यावर अवलंबून नसलेली पद्धत विकसित करण्याचे काम हाती घेतले गेले. ते अडचण आल्यावर झाले. आणि बिघाडाच्या नोंदी ठरलेल्या मुदतीत, कंपनीचे नाव वगळून का होईना, सर्व भागीदारांना मिळाव्यात.

पावसाळ्याचाही विचार हवा. ९९.९ टक्के जड पाण्याची शंभर ग्रॅमची बाटली जुलैच्या दमट हवेत उघडी ठेवली आणि तिने ०.१ ग्रॅम बाष्प ओढून घेतले, तर शुद्धता ९९.८ च्याही किंचित खाली येते. अशुद्धी दुपटीहून अधिक झाली आणि बाटलीकडे पाहून काही कळत नाही. म्हणून समस्थानिकांचे नमुने कोरड्या नायट्रोजनच्या पेटीत उघडायचे, वेळ लिहायची, आणि उरलेले पुन्हा मूळ बाटलीत ओतायचे नाही.

वायूच्या नमुन्याचे तीन सिलिंडर एकाच वेळी, एकाच व्हॉल्व्हवरून भरावेत. एक देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. तिसऱ्याला दोघांच्या देखत सील लावून, तारीख आणि दाब लिहून तो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ठेवावा, आणि पहिल्या दोघांचे आकडे जुळले नाहीत त्याच दिवशी तो उघडावा.